बट्टीखालचा गळ

पहिलं सांगून टाकते, मी प्राध्यापक नाही. धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे, अठरा वर्षं झाली. पोलादाचे तुकडे घासायचे, आरशासारखे लख्ख करायचे, वर ॲसिडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. मग सर येतात, डोळा लावतात, "वा!" म्हणतात आणि पोरांना शिकवायला लागतात, जसा काही तो तुकडा आपोआप चमकला. असू द्या. तक्रारी सांगत बसले तर गोष्ट बाजूलाच राहील.

गोष्ट आमच्या गावच्या बारागाड्यांची आहे. माझं माहेर धुळ्यापासून तासाभरावर, पारोळ्याच्या बाजूला. तिथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक जोडतात. त्यांत बायामाणसं, पोरंसोरं खच्चून बसतात आणि मरीआईचा भगत कमरेला दोर बांधून त्या ओढतो. दोन्ही अंगांनी वीसेक गडी खांदा लावतात, पण ओढतो भगतच, असंच म्हणायचं. मागच्या अकरा गाड्यांची साखळी पहिल्या गाडीला एका लोखंडी गळाने अडकवतात. अंगठ्याएवढा जाड, वितीपेक्षा थोडा लांब. जास्त जाड करता येत नाही, कारण गाडीच्या कडीचं भोक तेवढंच आहे, आणि ती कडी म्हणे देवीची, ती बदलायची नाही.

तो गळ घडवायचा मान आमच्या घराण्याचा. माझे आबा, मगन मिस्तरी, गावात भाता चालवणारे आता एकटेच उरलेत. कुदळी, विळे, वखराच्या पासा, सगळं करतात, पण त्यावर त्यांचा जीव नाही. जीव त्या गळावर. दरवर्षी नवा घडवायचा, शेंदूर लावायचा, लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवायचा. आखाजीच्या दिवशी भगताच्या बरोबरीने आबांना फेटा. वर्षातला तेवढा एक दिवस आबा मान ताठ करून चालायचे.

दोन वर्षांपूर्वी तो गळ वाकला.

नाल्यावरून गाड्या चढाला लागल्या, भगताने हिसका दिला आणि गळाचं तोंड उघडायला लागलं. मागच्या पोरांनी बघितलं, आरडाओरडा केला, चाकांमागे दगड टाकले. सगळे उतरले. कोणाला खरचटलंही नाही. पण बारागाड्या मध्येच थांबल्या ना! देवळापर्यंत पोचल्या नाहीत म्हणजे केवढा अपशकुन! माणसं वाचली त्याचं कोणाला काही नाही, थांबल्या त्याचं सुतक. यात्रा कमिटीचे अध्यक्ष योगराजभाऊ, त्यांचं धुळे रोडला सळई-सिमेंटचं दुकान आहे, ते चारचौघांत म्हणाले, "मगन मिस्तरींचं लोखंड कच्चं निघालं." आबांनी फेटा काढून काखेत घातला आणि घरी आले. आठ दिवस भाता पेटला नाही.

पुढच्या वर्षी योगराजभाऊंनी ठरावच केला. गळ चालेल तो सर्टिफिकेटवालाच. ताकद किती ते लिहून पाहिजे, नाहीतर गळ बाहेरून आणू. झालं. चैत्रात एक दिवस आबा एसटीने धुळ्याला आले, थेट माझ्या लॅबमध्ये. पिशवीतून बोटाएवढ्या दोन कांड्या काढल्या. एक नेहमीच्या लोखंडाची. दुसरी हायवेवरच्या भंगारातल्या ट्रकच्या कमानीपासून, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पात्यापासून केलेली. लालभडक तापवून पाण्यात बुडवलेली, बस्स, पुढे काही नाही.

"आबा, पाणी दिल्यावर उतरवलं नाही?" मी विचारलं. कडक केलेलं पोलाद पुन्हा मंद विस्तवावर थोडं शेकायचं, याला पाणी उतरवणं म्हणतात. हे मला कॉलेजने नाही, आबांनीच शिकवलं होतं. विळा असो की छिन्नी, पाणी उतरवल्याशिवाय त्यांच्या हातून कधी बाहेर गेली नव्हती.

"उतारं का नरम पडस," आबा म्हणाले. "नरम पडनं का वाकस. तू मशीनमा लाव."

मी लावलं. पहिली कांडी मशीनने दोन्ही टोकांनी ओढली. ती हळूहळू लांबली, मध्ये बारीक झाली, मग कंटाळल्यासारखी तुटली. नंबर आला सहाशे दहा. दुसरी लावली. ती जागची हलेना. नंबर चढत गेला, हजार, बाराशे, पंधराशे चाळीस, आणि फाट्‌! असा आवाज झाला की शेजारच्या वर्गातली पोरं धावत आली. आबा टाळ्या वाजवत होते हो! सत्तरीचा माणूस, लहान पोरासारखा.

मी दोन्ही कांड्यांचे तुकडे घासले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि आबांना स्टुलावर बसवून दाखवले. नरम लोखंडात गोलसर कण होते, ज्वारीच्या दाण्यांसारखे, काही पांढरे, काही करडे. "ताण आला की हे आतल्या आत सरकतात," मी म्हटलं. "म्हणून वाकतं. वाकतं म्हणून वेळ मिळतो." कमानीच्या तुकड्यात नुसत्या सुया. एकीत एक घुसलेल्या, जाम. "इथे सरकायला जागाच नाही आबा. सोसेल तोवर सोसेल, आणि मग एकदम जाईल. आधी कळणार पण नाही."

आबांनी बराच वेळ डोळा लावला. मग म्हणाले, "सुया भारी दिखतस."

सर्टिफिकेट मीच टाइप केलं. दोन रकाने. एकात ताकद, पंधराशे चाळीस. दुसऱ्यात तुटण्याआधी लांबी किती वाढली, शून्य पूर्णांक चार टक्के. सरांनी मोबाइलवर बोलता बोलता सही केली. मला वाटलं, दुसरा रकाना वाचतील लोक. मूर्ख मी! अठरा वर्षं लॅबमध्ये काढून मला एवढं कळू नये?

पंधरा दिवसांत पारोळा रोडला फ्लेक्स लागला. योगराजभाऊंचा हात जोडलेला फोटो, खाली आबांचा छोटा, आणि मध्ये 'यंदाचा गळ १५४०! प्रयोगशाळा प्रमाणित!' मी योगराजभाऊंना फोन केला. म्हटलं, भाऊ, दुसरा रकाना बघा, हा गळ तुटू शकतो. ते हसले. "हेमाताई, लांबी वाढत नाही हे चांगलंच की! गळ आहे तो, रबर थोडंच आहे?" मी म्हटलं, चढावर तुटला तर अकरा गाड्या माणसांसकट मागे नाल्यात जातील. ते म्हणाले, "सही तुमच्याच कॉलेजची आहे ना?" आणि फोन ठेवून दिला.

आखाजीला चार दिवस राहिले तेव्हा मी पुनमला घेऊन माहेरी गेले. पुनम माझी लेक, नऊ वर्षांची. गेल्या गेल्या तिने जाहीर केलं, मी तिसऱ्या गाडीत बसणार. तिच्या मैत्रिणींचं आधीच ठरलं होतं. मी आबांपाशी बसले. नुसतं पाया पडायचंच काय ते राहिलं होतं. पाणी उतरवा, आबा. थोडंसं. कोणाला कळणार नाही.

"वाकना ते?" आबा म्हणाले.

"वाकू द्या! तुटण्यापेक्षा बरं."

"तुले काय जास बोलाले. सहा पिढ्यास्ना मान शे हाऊ. गये साल बठ्ठा गाव मना तोंडवर हसना."

"आणि तुटला तर? पुनी बसणार आहे त्यात."

"पंधराशे चाळीस ना गळ कसा तुटी?" आबा खरंच गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "तूच ते लिखी दिधं."

पोरीला बसू देत नाही म्हटलं असतं तर गावभर झालं असतं, की मिस्तरीच्या लेकीचाच बापाच्या गळावर भरवसा नाही. आणि पुनीला उतरवली असती, बाकीच्या पोरांचं काय? ती काय रस्त्यावर पडलेली होती? मी रडले त्या दिवशी, परसात जाऊन. रागानेच जास्त.

आखाजीच्या आदल्या दिवशी गळ घडवणाऱ्याच्या घरी कमिटीला बट्टीची, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत असते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच आहे. सकाळी आबा वांगी, तूप आणायला पारोळ्याला गेले आणि मी परसात गोवऱ्यांचा ढीग रचायला घेतला. बट्टी भाजायला चार हात आर, म्हणजे गोवऱ्यांचा निखारा, पुरतो. मी आठ हात केला. शेजारची मंदाबाई भिंतीवरून बघत म्हणाली, "हेमा, हत्तीले जेवाडशी का?"

"योगराजभाऊ येणार आहेत," मी म्हटलं. तिला पटलं.

गोवऱ्या धडधडून पेटल्या, खाली बसल्या, लाल आर झाला. मी देव्हाऱ्यापुढे गेले. हात जोडले. म्हटलं, मरीआई, तुला काय वाटायचं ते वाटू दे, मला नंतर बघून घे. लाल फडक्यातला गळ काढला. त्याच फडक्यात मागल्या वर्षीचा वाकलेला गळ गुंडाळून ठेवला. तो आबांनी माळ्यावर फेकला होता, आदल्या दिवशी मी शोधून काढला होता. नवा गळ ढिगाच्या पोटात, अगदी तळाला पुरला. भात्याचा ब्लोअर दहा मिनिटं लावला, वर राख सारली आणि राखेवर ओळीने बट्ट्या मांडल्या. कोणी आलं असतं तर काय दिसलं असतं? बाई बट्टी भाजतेय.

दुपारी एकला पंगत बसली. योगराजभाऊ, गिरधर भगत, कमिटीचे सातआठ जण. जेवायच्या आधी देव्हाऱ्यापुढे दर्शन. योगराजभाऊंनी फडक्यावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "काय दम आहे हो लोखंडात! हाताला कळतो. मागच्या वर्षीचं असं नव्हतं." मी मागे वरणाचं पातेलं घेऊन उभी होते. हसू येतं की काय या भीतीने मी जीभ चावली. ते मागच्या वर्षीचंच होतं.

जेवणं रंगली. वरण, बट्टी, तूप, वांग्याची भाजी. गिरधर भगत सत्तरीकडे झुकलेला, बोलायला कमी, त्याने सात बट्ट्या खाल्ल्या आणि म्हणाला, "आज आर चांगला शे." मी मान डोलावली. तीन तास झाले होते.

ते ढेकरा देत गेले, आबा खाटेवर कलंडले, घोरायला लागले. मी राख उकरली. गळाचा रंग निळ्याच्याही पुढे जाऊन राखाडी झाला होता, म्हणजे पाणी पुरतं उतरलं होतं. तसाच हवा होता मला. थंड होऊ दिला. आणि मग कपाट उघडून धुळ्याहून आणलेला पॉलिशपेपर काढला. आबांनी गळ चकचकीत करून ठेवला होता ना, तो तसाच दिसायला नको? अठरा वर्षं दुसऱ्यांसाठी तुकडे घासले, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तासाभरात तोंड दिसेल असा केला, शेंदूर लावला, फडक्यात ठेवला. वाकडा गळ परत माळ्यावर.

आखाजी. उन्हं उतरली तशा गाड्या नाल्यापाशी लागल्या. आणि माणसं! फ्लेक्स वाचून आजूबाजूच्या चार गावांतली माणसं आली होती. दरवर्षी गाडीत दहाबारा बसतात, त्या दिवशी वीस-वीस, बावीस-बावीस. पंधराशे चाळीसचा गळ आहे म्हटल्यावर भीती कसली! मी योगराजभाऊंकडे धावले, म्हटलं, उतरवा निम्मी. ते माईकवर होते. आबा फेटा बांधून पहिल्या गाडीशेजारी उभे, ताठ. पुनी तिसऱ्या गाडीतून मला हात करत होती.

हलगी वाजली. भगताने दोर ताणला, गाड्या हलल्या, लोक ओरडले. सगळं गाव भगताकडे बघत होतं. मी एकटी गळाकडे. नाला पार झाला. चढ लागला. पहिला हिसका बसला. दुसरा बसला. आणि मी बघितलं, गळाचं तोंड उघडतंय. अगदी सावकाश. एक बोट. दीड बोट. खरं सांगते, त्या घडीला मला जगात दुसरं काही त्याच्याइतकं देखणं वाटलं नसतं. उघडत होता आणि धरून होता.

"दगड टाका!" मी ओरडले. मागच्या पोरांनीही बघितलं होतं. दगड पडले, गाड्या थांबल्या, एकावर एक माणसं उतरली. पुनी उतरली, तिची चप्पल हरवली म्हणून रडत होती. मी तिला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, आई, दुखतंय.

आणि मग ते सुरू झालं. परत थांबल्या! परत वाकला! योगराजभाऊ माईक टाकून आले, कडीतून गळ काढला, लोकांना उंच धरून दाखवला. "हे पंधराशे चाळीस? फसवणूक आहे ही! सर्टिफिकेट खोटं आहे, लेकीने बापासाठी लिहून दिलं!"

मी पुढे झाले. म्हणणारच होते, सर्टिफिकेट खरं आहे, गळ मी नरम केलाय, आरात घातला म्हणून तुम्ही जिवंत आहात. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आबांनी योगराजभाऊंच्या हातून गळ घेतला. त्यांच्या खिशात कायम एक छोटी कानस असते. त्यांनी ती गळावर दोनदा ओढली. आबांच्या कडक गळावर कानस घसरून जायला हवी होती. ती लागली. तळहातावर बारीक कीस पडला. आबा त्या किसाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पुनीकडे, तिच्या एका पायात चप्पल नव्हती.

"सर्टिफिकेट खरं शे," आबा म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मनी आंडेर, मनी लेक, खोटं लिखत नही. गळलेच पानी मी कमी दिधं. म्हतारा व्हयनू, भाऊ. हात चुकना."

"आबा—" मी म्हटलं.

"तू गप."

त्यांनी फेटा उतरवला, घडी केली आणि योगराजभाऊंच्या हातात दिला. सहा पिढ्यांचा मान, आणि एवढं सोपं. मला वाटलं होतं गाव हसेल. कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट.

घरी आलो. आबा ओट्यावर बसले, पाणी प्यायले. मी समोर उभी, आता शिव्या खायच्या म्हणून. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "कालनी बट्टी झकास व्हती."

बस्स. त्यानंतर वर्षभर आमच्यात लोखंडाचा विषय निघाला नाही. मी फोन करायचे, ते पुनीशी बोलायचे, मला हं-हं करायचे.

आता यंदाचं. गेल्या सोमवारी योगराजभाऊ माझ्या लॅबमध्ये आले. मान आता कमिटीकडे आहे. त्यांनी बाहेरून कुठून तरी गळ करवून आणलाय, सोबत तपासायला त्याच पोलादाची, तशीच कडक केलेली कांडी. लाल फडकं सोडत म्हणाले, "याला कानस लागत नाही, बघा. तुमच्या आबांसारखं नको व्हायला."

मला असा राग आला! पण मी हसले. कांडी मशीनला लावली. फाट्‌! सोळाशे दहा. योगराजभाऊंनी टाळ्या वाजवल्या. मी सर्टिफिकेट टाइप केलं, दोन्ही रकाने, एक अक्षर खोटं नाही. पहिला रकाना वाचून त्यांनी कागद खिशात घातला. मी म्हटलं, "भाऊ, गळ मात्र तीन दिवस इथेच राहील. नोंद करावी लागते." नोंद वगैरे काही नसते. ते खुशीत ठेवून गेले.

लॅबमध्ये विजेची भट्टी आहे, गोवऱ्या लागत नाहीत. दार लावून मी आबांना फोन केला. योगराजभाऊ आले होते म्हणून सांगितलं, नंबर सांगितला, गळ माझ्यापाशी आहे म्हटलं.

"भट्टी कितलीवर लावशी?" आबांनी विचारलं.

"पाचशेवर. दोन तास."

"बरं शे." मग म्हणाले, "वाकी हां तो. त्याना मान जाई."

"जाऊ दे, आबा."

आबा हसले. वर्षाने ऐकलं मी ते. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "पुनी कोनती गाडीमा बसनार शे?"

"तिसऱ्याच. मैत्रिणींचं ठरलंय."

"बसू दे," आबा म्हणाले.